बारवेचा वॉल

तुमच्या नळाचं पाणी तुमच्या घागरीत पडण्याआधी किती गटारांच्या पोटाखालून येतं, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय का?

धरणात किती पाणी उरलं ते तुम्हाला पाठ असतं. उन्हाळ्यात पेपर रोज सांगतो. नळ किती दिवसांआड येतो तेही सांगाल. पण पाण्याचा रस्ता विचारला की सगळे गप्प. मीही गप्पच होते. 'पाणी आमच्या हक्काचं' हे वाक्य मी किती फलकांवर रंगवलं त्याचा हिशेब नाही, पण ते हक्काचं पाणी टाकीतून निघून कोणत्या बोळातून आमच्या वस्तीत उतरतं, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या गावात ते एकाच माणसाला ठाऊक होतं. मन्मथअप्पांना.

लातूर जिल्ह्याची कड जिथं कर्नाटकात घुसल्यासारखी दिसते, तिथं आमचं गाव. वर टेकाडावर पाण्याची टाकी, तिच्या खाली पेठ, पेठेत बहुतेक लिंगायत दुकानदार, मग मोमीनपुरा, आणि सगळ्यात खाली ओढ्याच्या काठाला आमची वस्ती. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, पाटी बदलली, नळ आठ दिवसांनी एकदाच येत राहिले. अप्पा तिथले वॉलमन, म्हणजे पाइपांवरचे वॉल (व्हॉल्व्ह) फिरवून कोणत्या भागाला पाणी सोडायचं ते बघणारे. निवृत्त झाले तरी त्यांना रोजंदारीवर ठेवून घेतलं होतं. मेहेरबानी म्हणून नाही. ते गेले असते तर गावाला पाणी सोडता आलं नसतं.

ते बुटके होते आणि मानेत डावीकडं कललेले. जन्मभर खड्ड्यात वाकून बघितल्यानं मान तशीच राहिली, असं लोक म्हणत. खांद्यावर वॉलची लोखंडी चावी, जवळजवळ त्यांच्याच उंचीची. अप्पाही लिंगायतच; खड्ड्यात उतरण्याआधी गळ्यातलं इष्टलिंग ते खांद्यावरून पाठीकडं टाकत, चिखल लागू नये म्हणून. वर आले की हात धुवायच्या आधी ते पुन्हा छातीवर घेत नसत. हात धुवायला पाणी नसलं, तर लिंग पाठीवर ठेवूनच गावभर फिरत.

नगरपंचायतीच्या कागदावर वॉलांना नंबर होते. पण ज्यानं नंबर घातले तो बदलून गेला आणि कोणता नंबर कुठं हे कुणालाच कळेना. अप्पांच्या तोंडी मात्र प्रत्येक वॉलला नाव होतं. करोडगिरीचा वॉल, कारण निजामाच्या काळात तिथं जकातीची चौकी होती. आता मोबाइलचं दुकान आहे. चिंचेचा वॉल, चिंच रस्ता रुंद करताना गेली. हत्तीचा वॉल, कारण कुणा नबाबाचा हत्ती तिथं खाली बसला आणि तीन दिवस उठेना.

"खरंच बसला होता का हत्ती?" मी विचारलं होतं.

"हत्ती मी न्हाई बघितला, माय. पर वॉल तितंच हाय, तेवढं खरं."

आमच्या गावाचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. तो असा लोखंडी झाकणांखाली राहिला होता आणि झाकण उचलायची चावी एकाच खांद्यावर होती.

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील चळवळीतले, मोर्चा, सभा, धरणं, सगळ्यांची पत्रकं आमच्या माळ्यावर. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मी माझ्या नावाच्या आधी वाचायला शिकले. कॉलेज संपल्यावर मी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं ते वस्तीच्या गढूळ पाण्यावर. 'दोषींवर कारवाई झालीच पाहिजे' असा शेवट. दुसऱ्या दिवशी अप्पा ते पत्रक घडी घालून खिशात घेऊन आमच्या दारात उभे.

"हे तू ल्हिलं?"

"हो. काही चुकलं का?"

"अक्षर झ्याक हाय. पर दोषी कोण ते न्हाई ल्हिलं. पत्ता न घालता पेटीत टाकलेल्या कागदावानी झालं हे. फिरंल गावभर, पोचायचं न्हाई कुठंच."

मी चिडले. म्हणाले, "मग तुम्ही सांगा पत्ता."

"चल," अप्पा म्हणाले, आणि मला चावीचं दुसरं टोक धरायला लावून ओढ्याकडं घेऊन गेले. तिथं गटाराला आडवा आमचा पाइप गेलेला, त्याच्या सांध्यावर कुणीतरी सायकलची ट्यूब गुंडाळलेली. "नळ चालू असताना पाणी भाईर उडतं. नळ बंद झाला का पाइप रिकामा होतो, आन रिकामा पाइप घोट घेतो. कशाचा घेतो ते बघ." मी बघितलं. त्या दिवशी घरी जाऊन मी पत्रक पुन्हा लिहिलं, त्यात सांध्याची जागा घातली, आणि चार दिवसांत सांधा बदलला. मला वाटलं, मी जिंकले.

अप्पांचा एक नेम होता. पाणी सोडलं की ते टाकीखाली थांबत नसत. पाण्याच्या पुढं सायकल मारत खाली येत आणि लाइनीच्या शेवटच्या घरी थांबत. आमच्याकडं ते घर कौसाबाईचं. कौसाबाई वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई, जिभेला धार, डोळ्यांना मोतीबिंदू. अप्पा तिच्या नळाखाली एक छोटी काचेची नळी धरत आणि त्यात बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकत. टाकीत टीसीएल पावडर टाकलेली असते, जंतू मारायची. ती पाण्याबरोबर शेवटच्या घरापर्यंत पोचली असेल तर नळीतलं पाणी पिवळं होतं. नाही पोचली तर पांढरंच राहतं. पिवळं झालं की अप्पा नळी उन्हात धरत आणि म्हणत, "लागली हळद."

"कुणाला लागली रे?" कौसाबाई आतून.

"तुमाला, मावशी. नवरदेव शोधून राहिलो."

"तुझ्यापरीस बरा बघ म्हंजी झालं."

मग तिच्याच तांब्यानं, तिच्याच ओट्यावर बसून ते घोटभर पाणी प्यायचे. नियमात नळी तपासायची एवढंच होतं, प्यायचं नव्हतं. पेठेतल्या काही बायका यावरून नाक मुरडत. अप्पांनी त्यावर कधी भाषण केलं नाही. भाषणं आमच्याकडं बरीच होती.

पाण्याची पाळी मोडणं त्यांना जमायचं नाही. गुरुनाथशेट हे किराण्याचे ठोक व्यापारी, महादेवाच्या जत्रा कमिटीचे अध्यक्ष आणि अप्पांच्याच भावकीतले. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. शेट भर चौकात म्हणाले, "मन्मथ, उद्या आमच्या लाइनीला सोड. पावणे येऊन राहिलेत."

"उद्या मोमीनपुऱ्याची पाळी हाय."

"एक दिस उशिरा प्यायले तर मरतेत का ते?"

"न्हाई मरत. तुमचे पावणे एक दिस आंघोळीबिगर राहिले तर मरतेत का?"

चौक हसला. शेट हसले नाहीत. पण लग्नाच्या सकाळी अप्पा हातगाड्यावर पाण्याचे दोन ड्रम घालून शेटच्या दारात हजर. स्वतःच्या घरचा सगळा साठा. पुढचे पाच दिवस त्यांच्या बायकोनं शेजारून घागरी आणल्या आणि त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. "भावकी भावकीच्या जागी," ते मला म्हणाले, "पाळी पाळीच्या जागी."

आता बारवेबद्दल सांगायला हवं.

गावाच्या मधोमध महादेवाचं देऊळ आणि देवळाला लागून काळ्या दगडाची बारव. चारी बाजूंनी पायऱ्या खाली पाण्यापर्यंत उतरतात. शिवरात्रीला त्या पाण्यानं महादेवाला आंघोळ घालायची आणि तेच पाणी घरोघर न्यायचं, अशी रीत. आमच्या वस्तीतल्या बायका पायऱ्या उतरत नसत. उतरू दिल्या जात नसत, असं लिहिते. मी कर्मणी प्रयोगामागं लपणारी नाही. पेठेनं उतरू दिलं नाही. बायका वर काठाला घागरी घेऊन उभ्या राहत आणि पेठेतला कुणीतरी तरुण खालून पाणी आणून वरून ओतत असे. एका वर्षी ते काम अप्पांकडं आलं. तेव्हा ते विशीत होते, नुकते ग्रामपंचायतीत लागलेले.

ही गोष्ट त्यांनी मला देवळाच्या हौदाच्या कट्ट्यावर बसून सांगितली. "कौसाबाईची घागर हुती. मी वरून वतलं, निम्मं तिच्या अंगावर सांडलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आन म्हणली, लेकरा, जरा जवळून वतलं असतं तर मी काय तुला चावले असते का?" अप्पांनी कट्ट्यावरून हात फिरवला. "बास. तेवढंच म्हणली. ते काय डोक्यातून जाईना."

पुढच्या वर्षी गावात नळाचे पाइप पडत होते. देवळाजवळ एक उंच हौद होता. मोटर लावून बारवेचं पाणी त्यात चढवत आणि पाय धुवायला वापरत. अप्पांनी कुणाला न विचारता त्या हौदातून एक लाइन काढली, गावच्या मोठ्या पाइपाला जोडली आणि मधे वॉल बसवला. शिवरात्रीच्या सकाळी तो वॉल उघडला. महादेवाचं पाणी पेठेच्या नळाला आलं, मोमीनपुऱ्याच्या आलं आणि कौसाबाईच्याही आलं. एकाच वेळी, एकाच धारेनं.

पेठेत गिल्ला झाला. गुरुनाथशेटचे वडील म्हणाले, देव बाटला. अप्पा म्हणाले, "त्याच्या डोक्यावरची गंगा कुणाकुणाच्या दारावरून जाते ते त्याला इचारा. त्याची हरकत असंल तर मी बंद करतो." महादेवानं हरकत घेतली नाही. पेठेनंही घेतली नाही, कारण दोन वर्षांतच लोकांच्या ध्यानात आलं की आता आपल्यालाही पायऱ्या चढायला लागत नाहीत. मग ती रीतच झाली. शिवरात्रीला महादेवाची आंघोळ झाली की लोक नळाला हळदकुंकू वाहत. वर्षभर तो वॉल बंद. त्याला हात फक्त अप्पांनी लावायचा.

मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं, जितकं ते ही गोष्ट सांगताना दिसले. अख्ख्या आयुष्यात त्यांनी स्वतःच्या मनानं केलेलं ते एकच काम होतं. बाकी सगळं पाळीनं.

दिवाळी झाली आणि वस्तीत कावीळ सुरू झाली. आधी दोन पोरं, मग एक बाप्या, मग एका आठवड्यात घर सोडून घर. कौसाबाईची नातसून रुक्मिण सातव्या महिन्यात होती. तिचे डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा आरोग्य खात्याच्या आशाताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोटुशा बाईला ही लई वाईट असते. पाणी बघा तुमचं."

त्या पाळीला अप्पांनी कौसाबाईच्या नळाखाली काचेची नळी धरली. थेंब टाकले. पाणी पांढरंच. त्यांनी नळी हलवली, परत थेंब टाकले. पांढरंच. कौसाबाईनं आतून विचारलं, "लागली का रे?" अप्पांनी नळी मातीत उपडी केली.

पुढचे दिवस ते झपाटल्यासारखे खोदत होते. ओढ्यावरचा सांधा उघडला, ठीक होता. मोमीनपुऱ्याच्या कोपऱ्यावर खोदलं, शाळेमागं खोदलं. टाकीत पावडर वाढवली. वस्तीत दवंडी दिली, पाणी उकळून प्या. पुढच्या पाळीला टाकीखाली पाणी पिवळंजर्द, पेठेत पिवळं, मोमीनपुऱ्यात पिवळं आणि कौसाबाईकडं पुन्हा पांढरं. त्याच दुपारी रुक्मिणला लातूरला सरकारी दवाखान्यात हलवलं.

मी पत्रक लिहायला बसले. या वेळी पत्ता घालणार होते: नगरपंचायत, पाइपाचा ठेकेदार, मुख्याधिकारी साहेब. निम्मं झालं असेल तेवढ्यात अप्पा आले. चप्पल न घालता. म्हणाले, "जरा संगं ये."

आम्ही देवळाजवळच्या वॉलपाशी गेलो. भर दुपार, गावाचं पाणी बंद. अप्पांनी झाकण काढलं, चावीचं एक टोक वॉलवर टेकवलं आणि दुसऱ्या टोकाला कान लावायला मला सांगितलं. वॉलमन असंच करतात. डोळ्याला न दिसणारी गळती लोखंडातून कानाला येते.

मी कान लावला. बंद वॉलच्या आत पाणी चाललं होतं. बारीक, न थांबता, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं.

"आतला पडदा झिजला," अप्पा म्हणाले. "गावचा पाइप रिकामा झाला का हौदाचं पाणी आत उतरतं. आठ दिस उतरतं. उतार तुमच्याकडं, म्हून सगळं तुमच्याकडं जाऊन बसतं. नळ आला का पहिलं तेच भाईर येतं. आन बारवेभवती आता किती संडासांचे खड्डे हायत ते तुला दिसून राहिलं."

"कधी कळलं तुम्हाला?"

त्यांनी चावी काढून घेतली. "कळलं आज. पर गावातल्या समद्या वॉलांना मी कान लावला, पहिल्याच पाळीला. ह्या एकाला न्हाई लावला."

"का?"

"लावला असता तर ऐकू आलं असतं."

मला वाटलं होतं ते साहेबांकडं जातील. ते कौसाबाईकडं गेले. ती ओट्यावर बसली होती, लातूरहून फोन येईल म्हणून मोबाइल मांडीवर. अप्पा खाली मातीत बसले आणि सगळं सांगितलं. जोडणी कुणी केली, का केली, काय झिजलं, आणि पहिल्या पाळीला कान का लावला नाही. काहीही गाळलं नाही.

कौसाबाईनं त्यांच्या दिशेनं तोंड वळवलं; तिला ते नीट दिसत नव्हते.

"त्या पाण्यापायी मी तुला इतकी वर्सं दुवा देऊन राहिले, अप्पा," ती म्हणाली. "आता शिवी द्यायची तर तोंडातून निघंना. ही बी पंचाईतच हाय." थोड्या वेळानं म्हणाली, "जा. बसू नको हितं. आधी ते बंद कर."

दोन दिवसांनी लातूरहून कळलं. रुक्मिण वाचली. बाळ गेलं.

त्याच दिवशी नगरपंचायतीसमोर गाव जमलं. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन पुढं होते. अप्पांनी उठून सांगितलं की बारवेची लाइन तोडायची आहे, आजच. साहेब म्हणाले, वॉल बदलायचा प्रस्ताव वर पाठवतो, तोवर थोडं धीरानं घ्या. मग गुरुनाथशेट उठले. त्यांचा आवाज मऊ होता. वाईट गोष्टी आमच्याकडं मऊ आवाजातच सुचवल्या जातात.

"झालं ते वंगाळ झालं. पर शिवरात्र दोन म्हैन्यांवर हाय. तवर वस्तीकडचा वॉल तेवढा बंद ठेवा, तिकडं टँकर लावा. तरास तिकडंच हाय ना? बाकी गावाची वडिलोपार्जित प्रथा कामून मोडायची?"

"वडिलोपार्जित न्हाई, शेट," अप्पा म्हणाले. "माझी हाय ती. मी जोडली. तवा तुमचेच वडील म्हणले हुते, देव बाटला."

कुणीतरी मागं हसलं. शेट लाल झाले. "मग तूच मारलंस म्हण की ते लेकरू."

अप्पांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि माझ्याकडं वळले. "ह्या कागदात माझं नाव हाय का?"

"नाही."

"मग परत छाप."

ते तिथून थेट देवळाकडं गेले. लिंग पाठीवर टाकलं, खड्ड्यात उतरले आणि करवतीनं पाइप कापायला लागले. साहेब लेखी आदेशाबद्दल काहीतरी बोलत काठावर उभे होते. कापायला बराच वेळ लागला. कुणी मदत केली नाही, कुणी अडवलंही नाही. गावाकडच्या तोंडाला त्यांनी घट्ट डट्टा बसवला, मग माती लोटली.

पत्रक मी परत छापलं आणि त्यात त्यांचं नाव घातलं. वडील म्हणाले, गाळ, माणूस चांगला आहे. मी गाळलं नाही. पण त्याच पत्रकात मी विचारलं, आणि आजही विचारते: अख्ख्या गावाचं पाणी एका म्हाताऱ्याच्या स्मरणशक्तीवर सोडून जे खुर्चीत निवांत बसले होते, त्यांची नावं कोण घालणार? पाइपांचा नकाशा नाही, वॉल तपासायची वेळ ठरलेली नाही, आणि वस्तीत पाणी पांढरं आलं तेव्हा ते बघायला त्या नळापाशी दुसरं कुणी फिरकलं नाही. अप्पांनी आपला वाटा उचलला. बाकीचा वाटा अजून रस्त्यात पडून आहे.

मी अप्पांनाही सोडलं नाही. तो राग बाळ गेल्याचा होता, आणि जुनाही होता. हिवाळ्यातल्या एका दुपारी त्यांना म्हणाले, "तुम्ही आम्हाला पाणी दिलंत, अप्पा. पायऱ्या नाही दिल्या. पाइप टाकला आणि पायऱ्यांचं भांडणच मिटवून टाकलंत. वस्तीतल्या बाईनं बारवेत पाय ठेवला नाही तो नाहीच. उलट सगळं गाव म्हणायला लागलं, आता काय भेद राहिला?"

ते सायकलची चेन बसवत होते.

"पायऱ्या द्यायचं बळ नव्हतं, माय," ते म्हणाले. "पाइप टाकायचं हुतं."

पत्रकात घालता येईल असं ते वाक्य नव्हतं.

शिवरात्र आली. नळाला नुसतं टाकीचं पाणी. बारवेच्या काठाला नगरपंचायतीनं 'पाणी पिण्यास अयोग्य' अशी पाटी लावलेली. पण महादेवाला आंघोळ घालायची तर पाणी बारवेचंच हवं, आणि पाइप तर तुटलेला, हौदात पाणी चढवणारी मोटरही काढून नेलेली. म्हणजे कुणीतरी पुन्हा पायऱ्या उतरायला हव्यात. आदल्या दिवशी अप्पा वस्तीत येऊन कौसाबाईला पायऱ्या उतरायला सांगून गेल्याचं मला माहीत नव्हतं. सकाळी कौसाबाईनं मला हाक मारली. "चल. मला खालचं दिसत न्हाई. हात धर."

आम्ही पाचजणी होतो. रुक्मिणही आली, ती त्या दिवसांत कुणाशी बोलत नसे, तेव्हाही बोलली नाही. बाकी वस्ती आली नाही. काही घाबरले, काहींना देवाशीच देणंघेणं नव्हतं. माझ्या वडिलांना नव्हतं. मलाही नाही. पण मी पायऱ्यांसाठी गेले.

पेठेतली माणसं देवळाच्या दारात उभी होती. बारवेच्या वरच्या पायरीवर अप्पा बसलेले, धुतलेला पांढरा सदरा, गुडघे छातीशी. आम्ही चपला काढल्या. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "डाव्या अंगानं उतरा. चौथी पायरी हलती हाय. मावशीला मधी घ्या."

"तू न्हाई येत?" कौसाबाई.

"गुडघे न्हाई म्हणून राहिलेत. वर थांबतो."

आम्ही उतरलो. दगड गार होते. कौसाबाई प्रत्येक पायरी पायानं चाचपत होती आणि तोंडानं मोजत होती. खाली पोचल्यावर तिनं घागर बुडवली नाही. आधी पाण्यात पाय सोडून बसली. कितीतरी वेळ. वर कुणीतरी खाकरलं. ती उठली नाही.

आणि तेव्हा मी वर बघितलं. खालून आकाशाचा एक चौकोन दिसत होता आणि त्याच्या कडेला अप्पा. गुरुनाथशेट त्यांच्या मागं येऊन उभे राहिले होते. त्यांचा आवाज दगडांवरून खालपर्यंत ऐकू आला.

"काय मन्मथ, आता चपला राखायचं काम लागलं का?"

"हाव," अप्पा म्हणाले. "वॉलपरीस हलकं हाय."

ते आमच्या चपला जोडीनं लावत होते, टाचा पायऱ्यांकडं करून, वर आलो की थेट पाय घालता यावेत म्हणून. कौसाबाईच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता. तो त्यांनी सदऱ्याच्या खिशातल्या तारेनं बांधला आणि ओढून बघितला. मला दिसलेले ते शेवटचे अप्पा. त्याच आठवड्यात ते मुलीकडं भालकीला राहायला गेले आणि मी नांदेडला नोकरीला लागले. नंतर फोनवर बोलणं झालं, भेट झाली नाही.

तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात अशी बारव असेल, आड असेल, जुनी विहीर असेल. नळ आले म्हणून तिच्या काठावर कुणाला थांबवलं जायचं, हे कुणी बोलत नसेल. येत्या जत्रेआधी एकदा त्या थांबवलेल्या घरांत जा. त्यांना वाटलं, तर त्यांना घेऊन तिथं चला. ती खाली उतरतील तेव्हा त्यांच्यापुढं उतरायची घाई करू नका. वर कुणीतरी चपला राखायला लागतं. ते काम मागून घ्या.